उताराचे पाणी : बिबवेवाडीच्या आपत्तींपासून शेतकऱ्यांनी घ्यावयाचा धडा

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बिबवेवाडी हे नाव आपल्यापैकी बहुतेकांना मार्केट यार्डामुळे परिचित आहे. गुलटेकडीच्या यार्डात कांदा, बटाटा, पालेभाजी घेऊन गाडी येते, माल उतरतो, लिलाव होतो आणि पट्टी हातात पडली की आपण गावाची वाट धरतो. यार्डाला लागूनच दक्षिणेस असलेल्या या भागाची जमीन कशी आहे, तिचा उतार कोणीकडे आहे, येथे पावसाने आणि दुष्काळाने काय काय घडवले, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. आज त्याविषयी बोलावयाचे आहे.

कृषिविद्या शिकवणाऱ्या माणसाने शहराच्या एका भागातील आपत्तींवर का बोलावे, असा प्रश्न आपल्या मनात येईल. त्याचे उत्तर सोपे आहे. बिबवेवाडी हेही एके काळी शेतीचे गाव होते. तेथे जे घडले ते माती, उतार आणि पाणी यांच्या नियमाप्रमाणे घडले. तोच नियम आपल्या शेतालाही लागू आहे. शिवाय पुण्याभोवतीची ११ गावे २०१७ साली आणि २३ गावे २०२१ साली महापालिकेत गेली. ज्या वाटेने बिबवेवाडी गेली त्याच वाटेवर आज अनेक गावे आहेत.

जागेची ओळख

पुण्याच्या दक्षिणेस कात्रजचा डोंगर आहे. तेथून जमीन उत्तरेकडे मुठा नदीपर्यंत उतरत जाते. कात्रज, धनकवडी, पद्मावती, सहकारनगर, पर्वती आणि सातारा रस्त्याच्या पूर्वेस बिबवेवाडी व कोंढवा असा हा सगळा उताराचा पट्टा आहे. खाली काळा पाषाण, त्यावर मुरूम आणि मुरुमावर वीतभर माती, अशी टेकड्यांवरील जमीन असते. अशी माती थोडेच पाणी धरू शकते. ती एकदा भरली की उरलेले पाणी उताराने धावते.

या पट्ट्याचा मुख्य प्रवाह म्हणजे आंबिल ओढा. तो कात्रजच्या बाजूने निघतो, पद्मावती, अरण्येश्वर, सहकारनगर भागातून पर्वतीच्या पायथ्याशी येतो आणि दांडेकर पुलाकडून मुठेला मिळतो. आपल्या पूर्वजांना या ओढ्याची किंमत कळली होती. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यास, कात्रजला तलाव बांधून तेथील पाणी जमिनीखालच्या बांधीव नळाने शहरातील हौदांपर्यंत आणण्यात आले. पर्वतीच्या पायथ्याशीही याच ओढ्याच्या पाण्यावर तलाव करण्यात आला होता. आज त्या जागी सारसबाग आणि पेशवे उद्यान आहे. उतारावरून धावणारे पाणी वाटेत थोपवावे, त्यातील गाळ बसू द्यावा आणि मगच पुढे सोडावे, हे तत्त्व आज आपण पाणलोट विकास म्हणून शिकवतो. ते या ओढ्यावर पावणेतीनशे वर्षांपूर्वी वापरलेले आहे.

दुष्काळाचा इतिहास

पुणे शहरात वर्षाकाठी सरासरी ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो. पश्चिमेस लोणावळ्याला याच्या पाचपटीहून अधिक, तर पूर्वेस दौंड, बारामतीकडे ५०० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी. म्हणजे आपण सह्याद्रीच्या पावसाच्या छायेत आहोत. म्हणूनच या भागाच्या जुन्या आठवणीत पुरापेक्षा दुष्काळ अधिक आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीचा दुर्गादेवीचा दुष्काळ, १६३०चा दुष्काळ, १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ, १८९६-९७ आणि लगेच १८९९-१९०० ही वर्षे दख्खनच्या इतिहासात प्रसिद्ध आहेत. खडकवासल्याचे धरण १८७९-८० च्या सुमारास पूर्ण झाले आणि मुठेच्या उजव्या कालव्याचे पाणी पर्वतीच्या पायथ्याजवळून हडपसर, दौंडच्या दिशेने वाहू लागले.

नंतर १९७२ चा दुष्काळ आला. आपल्यापैकी वडीलधाऱ्या मंडळींनी त्या वेळी खडी फोडली असेल, तलावांच्या आणि रस्त्यांच्या कामांवर माती वाहिली असेल. त्या कामांतूनच पुढे रोजगार हमी योजना उभी राहिली. पण ज्यांना गावात राहणे शक्य झाले नाही ती कुटुंबे शहरात आली. कोणी हमाली धरली, कोणी बांधकामावर गेले. भाड्याची ऐपत नसल्याने त्यांना जागा मिळाली ती टेकडीच्या उतारावर, कालव्याच्या कडेला आणि ओढ्याच्या काठावर. एका ठिकाणच्या कोरडेपणाने उठलेली माणसे दुसऱ्या ठिकाणच्या पाण्याच्या वाटेवर जाऊन बसली. ही माणसे परकी नव्हेत. आपल्याच गावांतील भावकीची, नात्यागोत्याची आहेत.

पानशेतचा पूर आणि नंतर

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे बांधकाम चालू असलेले मातीचे धरण फुटले. त्या लोंढ्याने खालचे खडकवासला धरणही फुटले आणि मुठेकाठच्या पेठांत पाणी शिरले. हजारो घरे कोसळली. बिबवेवाडीचा भाग उंचावर असल्याने नदीचा पूर तेथे पोहोचणे शक्य नव्हते. साहजिकच, नदीपासून दूर आणि उंच जागा ती सुरक्षित, असा समज लोकांत दृढ झाला. पूरग्रस्तांसाठी ज्या नव्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांपैकी सहकारनगर ही पर्वतीच्या दक्षिणेस, बिबवेवाडीच्या शेजारची. नदीच्या दृष्टीने जागा सुरक्षितच होती. परंतु याच परिसरातून आंबिल ओढा जातो. वर्षातील बरेच दिवस ज्यातून पाण्याची बारीक धारच वाहते, अशा ओढ्याची भीती कोणाला वाटणार?

कालांतराने वरच्या गावांत शेतीच्या जागी इमारती आल्या. जी माती पावसाचा पहिला भाग पीत होती तिच्यावर सिमेंट आले. ओढ्याचे लहान फाटे बुजले, मोठ्या ओढ्याला दोन्ही बाजूंनी भिंती आल्या आणि पात्र आक्रसले. हे एका दिवसात झाले नाही, म्हणून ते कोणाच्या डोळ्यांवर आले नाही.

ओढा आपली वाट मागतो

आता अलीकडील काही घटना क्रमाने पाहू.

४ ऑक्टोबर २०१० च्या रात्री पुण्यात २४ तासांत १८० मिलिमीटरच्या आसपास पाऊस नोंदला गेला. त्यातील बहुतेक काही तासांतच पडला. वर्षाच्या पावसाचा जवळजवळ चौथा हिस्सा एका रात्रीत.

६ जून २०१३ रोजी कात्रज बोगद्यापलीकडे शिंदेवाडीजवळ डोंगर फोडून सपाट केलेल्या भागातून पाण्याचा लोंढा महामार्गावर आला. त्यात मोटारीसह वाहून गेलेल्या मायलेकींचा मृत्यू झाला.

२७ सप्टेंबर २०१८ रोजी दांडेकर पुलाजवळ मुठा उजव्या कालव्याची भिंत फुटली आणि वस्तीतील शेकडो घरांत पाणी शिरले. पावसावाचून आलेला हा पूर होता.

२९ जून २०१९ च्या पहाटे बिबवेवाडीच्या शेजारी कोंढव्यात पावसाने एका गृहसंकुलाची संरक्षक भिंत खाली कोसळली. भिंतीच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोल्यांत झोपलेले १५ बांधकाम मजूर व त्यांचे कुटुंबीय दगावले.

त्याच वर्षी २५ सप्टेंबरच्या रात्री कात्रज, बिबवेवाडी, पद्मावती, सहकारनगर या पट्ट्यात मुसळधार पाऊस झाला आणि आंबिल ओढ्याला अचानक पूर आला. अरण्येश्वर भागातील टांगेवाला कॉलनीत भिंत पडून माणसे गेली. मोटारी एकमेकींवर चढल्या, गोठ्यांतील जनावरे दाव्याला बांधलेलीच बुडाली. त्याच रात्री खेड-शिवापूरकडेही माणसे वाहून गेली आणि पुरंदर, बारामतीकडे कऱ्हा नदीला मोठा पूर आला. पुणे शहर आणि जिल्हा मिळून वीसहून अधिक बळी गेले.

या सर्व घटनांत एक गोष्ट समान आहे. अपवाद सोडल्यास यांत नदीचा दोष नाही. हे उताराचे पाणी आहे. नदीचा पूर धरणाच्या दारांतून येतो, त्याची पातळी मोजता येते आणि खालच्या गावांना इशारा देण्यास काही अवधी मिळतो. ओढ्याचा पूर तासा-दोन तासांत येतो आणि रात्रीतच ओसरतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात दिवसा ऊन तापते, हवेत ओलावा असतोच. दुपारनंतर उंच ढग तयार होतात आणि थोड्याच क्षेत्रावर जोराने बरसतात. त्या वेळी माती आधीच्या पावसाने भरलेली असते. त्यामुळे जूनच्या ६० मिलिमीटर पावसाने जेवढे पाणी वाहते, त्याच्या कितीतरी पट सप्टेंबरच्या ६० मिलिमीटरने वाहते.

साधा हिशेब

हे पाणी किती असते, याचा हिशेब प्रत्येक शेतकऱ्याला करता आला पाहिजे. एक हेक्टर क्षेत्रावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. समजा, एका ओढ्याचे पाणलोट क्षेत्र १०० हेक्टर आहे आणि दोन तासांत १०० मिलिमीटर पाऊस पडला. उतारावर गवत, झाडी आणि बांध आहेत व निम्मे पाणी वाहिले असे धरू. तर दोन तासांत ५ कोटी लिटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ७ घनमीटर पाणी ओढ्यात येईल. आता तोच उतार उघडा झाला किंवा त्यावर सिमेंट आले आणि ९० टक्के पाणी वाहिले, तर ते ९ कोटी लिटर, म्हणजे सेकंदाला साडेबारा घनमीटर होईल. ही झाली सरासरी. ऐन जोराच्या वेळी प्रवाह यापेक्षा मोठा असतो.

पाणी सेकंदाला दोन मीटर वेगाने वाहते असे धरल्यास, ७ घनमीटरला साडेतीन चौरस मीटरचे पात्र लागते आणि साडेबारा घनमीटरला सव्वासहा चौरस मीटरचे. आपण मात्र शेतरस्त्यासाठी ओढ्यात एक मीटर व्यासाचा एकच सिमेंटचा पाइप टाकतो आणि वर मुरूम भरतो. अशा पाइपाचे तोंड पाऊण चौरस मीटरहून थोडेच जास्त असते. त्यातून याच वेगाने सेकंदाला दीड घनमीटर पाणी जाईल. तेही तोंडाशी पाचट, ताटे, प्लास्टिक अडकले नाही तर. उरलेले पाणी कोठे जाणार? ते रस्त्यावरून जाईल, भराव फोडेल, किंवा बाजूच्या शेतातून नवी वाट काढील. २०१९ साली आंबिल ओढ्याने शहरात हेच केले. पाऊस मोठा होता हे खरे, परंतु पावसाला वाट नव्हती हे त्याहून खरे.

आपल्या शेतात काय करावे

१. ओढा नकाशात पाहा. गावनकाशा आणि मोजणीच्या नकाशावरील ओढे-नाले प्रत्यक्ष जागेवर जाऊन ताडून पाहावेत. जो नाला सपाट करून पिकाखाली घेतला आहे तो पुन्हा मोकळा करावा. चार गुंठे वाढले म्हणून आनंद मानू नये. पुढे एका रात्रीत त्याच्या दसपट क्षेत्राची माती वाहून जाण्याचा धोका त्यात आहे. जमीन विकावयाची झाली तरी ओढ्याची रुंदी खरेदीखतात आणि नकाशात स्पष्ट दाखवावी. खाली राहणाऱ्यांचे प्राण त्यावर अवलंबून असतात.

२. काम माथ्यापासून पायथ्याकडे करावे. डोंगरउतारावर सलग समतल चर, चरांच्या भरावावर गवत व स्थानिक झाडे, त्याखाली ताली व बांध आणि शेवटी ओढ्यावर लहान बंधारे, असा क्रम ठेवावा. वर काही न करता खाली बंधारा बांधला तर तो गाळाने भरतो. उतार फोडून मुरूम काढण्यास परवानगी देण्यापूर्वी गावाने शिंदेवाडी आठवावी.

३. मशागत उताराला आडवी ठेवावी. खरिपात रुंद वरंबा-सरीवर पेरणी केल्यास कमी पावसात ओल टिकते आणि जास्त पावसात सरीतून पाण्याचा निचरा होतो. बाजरी आणि तूर यांचे २:१ आंतरपीक घेतल्यास जमीन जास्त दिवस झाकलेली राहते. रब्बी ज्वारीच्या क्षेत्रात पावसाळ्यातच बंदिस्त वाफे करून पाणी जिरवावे. कांद्याची रोपे गादीवाफ्यावरच करावीत.

४. प्रत्येक बांधाला सांडवा असावा. सांडवा दगडांनी पिचिंग केलेला असावा आणि त्याचे पाणी शेजाऱ्याच्या पिकात न सोडता नाल्यात सोडावे. बांध, शेततळे, पाटचारी यांच्या भरावातील घुशींची व खेकड्यांची बिळे पावसाळ्यापूर्वी आणि पुन्हा गणपतीच्या सुमारास तपासून बुजवावीत. भराव फुटण्यास पाऊसच लागतो असे नाही.

५. भिंतीमागचे पाणी सोडावे. गोठा, विहीर, घर यांच्या मागे माती धरणारी भिंत असेल तर तिला पाणी निघण्यासाठी भोके ठेवावीत. भिंतीला पोट आले असेल, तडा गेला असेल तर तिच्या पायथ्याशी माणूस अथवा जनावर ठेवू नये.

६. मजुरांच्या कोप्या उंचावर असाव्यात. ऊसतोडणीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास येतात, म्हणजे नेमक्या परतीच्या जोराच्या पावसात. पाण्याची सोय म्हणून ओढ्याच्या पात्रालगत त्यांना जागा दिली जाते. हे कटाक्षाने टाळावे. कोंढव्याच्या भिंतीखाली जे झोपले होते त्यांनीही जागा स्वतः निवडलेली नव्हती. आपल्या शेतावर जागा देणारे आपणच असतो.

७. अतिवृष्टीनंतर साचलेले पाणी चर काढून ताबडतोब बाहेर काढावे. वाफसा येण्यापूर्वी शेतात अवजार घालू नये. वाफसा येताच कोळपणी करून हवा खेळती करावी. नुकसानीची छायाचित्रे तारखेसह घ्यावीत आणि महसूल व कृषी विभागाच्या गावातील कर्मचाऱ्यांना लगेच कळवावे.

गावाची पाऊसवही

शेवटची सूचना सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे. पुण्याचे भाग्य असे की भारतीय हवामान खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ साली येथे आले आणि त्याच्याही आधीपासून येथे हवामानाच्या नोंदी होत आहेत. म्हणूनच ३० एप्रिल १८९७ रोजी येथे ४३.३ अंश सेल्सिअस तापमान होते आणि १७ जानेवारी १९३५ रोजी ते १.७ अंशापर्यंत उतरले होते, हे आज आपण सांगू शकतो. पण शिवाजीनगरच्या वेधशाळेतील आकडा बिबवेवाडीचा नसतो आणि महसूल मंडळाच्या ठिकाणचा आकडा आपल्या शिवाराचा नसतो. वळवाचा ढग एक शिव सोडून दुसऱ्या शिवेवर पडतो, हे आपण जाणताच.

म्हणून प्रत्येक गावात निदान एक वही असावी. उभ्या सरळ कडांचा सपाट बुडाचा डबा मोकळ्या जागी, झाड आणि भिंत यांपासून दूर, जमिनीपासून फूट-दीड फूट उंच पक्का बसवावा. रोज सकाळी साडेआठ वाजता पट्टीने पाणी मोजून मिलिमीटरमध्ये लिहावे व डबा रिकामा करावा. ६४.५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर हवामान खाते त्यास जोरदार पाऊस म्हणते, ११५.६ पासून अति जोरदार आणि २०४.५ पासून अत्यंत जोरदार. वहीच्या मागील पानावर आपत्तींची नोंद ठेवावी : तारीख, पाऊस, ओढ्याचे पाणी कोठपर्यंत आले, कोणाचे किती नुकसान झाले. पुलाच्या कठड्यावर किंवा देवळाच्या पायरीवर पुराच्या पातळीची खूण रंगवावी. गारपीट, वीज, वादळ यांचीही नोंद करावी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने मावळ, मुळशी, जुन्नर भागातील हरितगृहे उडवली, तेव्हा वारा कोणत्या दिशेने आला आणि कोणते छत टिकले, हे लिहून ठेवणाऱ्याला पुढचे हरितगृह कसे उभारावे हे कोणी सांगावे लागणार नाही. वीज कडाडत असताना मात्र मोजणीसाठी बाहेर पडू नये आणि झाडाखाली तर मुळीच थांबू नये. पुण्याच्याच उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे दामिनी हे मोबाईलवरील साधन जवळपास पडणाऱ्या विजेची सूचना देते. ते घरातील एका तरी फोनवर असावे.

बंधूंनो, दुष्काळ माणसाच्या लक्षात राहतो, कारण तो महिनोन्‌महिने सोसावा लागतो. ओढ्याचा पूर एका रात्रीचा असतो, म्हणून तो विसरला जातो आणि विसरलेल्या जागेवर पुन्हा घर उभे राहते. बिबवेवाडी, सहकारनगर भागात ज्यांनी घरे बांधली त्यांतील बहुतेकांना ओढा पूर्वी कोठपर्यंत पसरत होता हे सांगणारे कोणी भेटले नाही. आपल्या गावात ते सांगणारी माणसे अजून आहेत. या पावसाळ्यापूर्वी गावातील चार वडीलधाऱ्यांना बरोबर घेऊन ओढ्याच्या काठाने एकदा मुखापर्यंत चालत जावे, त्यांनी दाखवलेल्या जागी दगड रोवावेत आणि वहीचे पहिले पान त्याच दिवशी लिहावे, एवढी विनंती करून मी माझे भाषण संपवतो.